गोळ्या वाढल्या

“आक्कासाहेबांच्या गोळ्या वाढल्या,” सुलेखा फोनवर म्हणाली.

माजघरातल्या फोनपाशी ती उभी होती. पदर सावरलेला, रिसीव्हर दोन्ही हातांत धरलेला, जणू पलीकडचं माणूस तिला पाहत होतं. मी खिडकीजवळच्या खुर्चीत, डाव्या कुशीला उशी दाबून बसले होते. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. सूनबाईंचं तेवढं येत होतं.

“हो, सगळ्याच... काल संध्याकाळी... नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? वाढायच्याच होत्या... बरं... बरं, सिस्टर... अजिबात नाही?... बरं.”

तिने रिसीव्हर ठेवला आणि त्याच्याकडेच पाहत राहिली.

“काय म्हणाली?”

“गोळ्या बंद करायला सांगितल्या. आजपासून एकही द्यायची नाही. डॉक्टर मुजावर परगावी गेलेत, ते आले की विचारून कळवते म्हणाल्या.” ती घुटमळली. “फार रागावल्या होत्या, आक्कासाहेब.”

“कशाबद्दल?”

“ते कळलं नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल.”

“इस्पितळातली माणसं फोनवर रागावूनच बोलतात. आपण मनावर घ्यायचं नसतं,” मी म्हणाले. “बंद तर बंद. बरं झालं.”

आणि मला खरोखरच बरं वाटलं होतं. सुलेखाने गोळ्यांची रिकामी डबी उचलली, धुतली आणि उन्हात पालथी घातली. मी ती पाहत होते, आणि एक नकोसा पाहुणा आपल्या पायांनी निघून गेल्याचं समाधान मला होत होतं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. सत्तरी तेव्हा मी नुकतीच ओलांडली होती. साहेब गेल्यापासून गडहिंग्लजची आमची भाताची गिरण मीच चालवत होते आणि त्या काळात मी एक दिवस आजारी पडल्याचं कोणी सांगणार नाही. मग डाव्या फुप्फुसाच्या तळाशी एक गाठ निघाली. कोल्हापूरच्या इस्पितळात बरगड्या फाकवून फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकला. गाठ साधी निघाली. लोक पेढे घेऊन भेटायला आले. परंतु बरगड्यांना पेढ्यांचं काय? त्या आपल्या जागी दुखत राहिल्या.

घरी पाठवण्यापूर्वी डॉक्टर मुजावर खाटेपाशी येऊन बसले. ते भूल देणारे डॉक्टर. ऑपरेशननंतरच्या वेदनेचं खातंही त्यांच्याकडेच होतं. पन्नाशीचे, कागलकडचे, बोलणं आपल्या मातीतलं.

“आक्कासाहेब, ही मोठी गोळी अफूच्या जातीची आहे. लपवून देत नाही, सांगून देतो.”

अफू म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. माहेरी आमचे थोरले काका अफू घेत. तरुणपणी पंचक्रोशीत त्यांच्यासारखा घोडेस्वार नव्हता. मी पाहिले ते ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले काका. मुलं त्यांच्या पुढ्यातला लाडू उचलून न्यायची आणि त्यांना पत्ता नसायचा.

“मग ती मला नको,” मी म्हणाले.

“नको म्हणाल तर खोकणार कशा?”

“खोकायचं कशाला? मला खोकला झालेला नाही.”

“नसला तरी खोकायचं. दिवसभर, तासातासाने. दीर्घ श्वास घ्यायचा, उशी कुशीला घट्ट धरायची आणि पोटातून खोकायचं. फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, तो वर आला पाहिजे. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही आणि मग तळ मिटून बसतो. त्यात ताप भरला की घशातून नळी घालून कफ ओढायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर श्वासाचं यंत्र. या वयात यंत्राला जोडलेलं माणूस सोडवून आणणं सोपं नसतं. म्हणून ही गोळी. ती खोकण्यासाठी आहे, झोपण्यासाठी नाही.”

“आणि तिची सवय लागली तर?”

“म्हणून तर दर आठवड्याला कमी करत आणायची. तुम्ही घोड्यांच्या घरातल्या. धावत्या घोड्यावरून कोणी उडी टाकतं का? आधी चाल कमी करायची, मग पाय काढायचा.”

मला उत्तर आवडलं. माणूस बोलताना समोरच्याचं घराणं पाहून बोलत होता.

तशी व्यवस्था लागली. त्या गोळ्या गावातल्या दुकानात सहज मिळत नसत. डबी रिकामी व्हायला आली की सुलेखाने इस्पितळात फोन करायचा, सिस्टर लिसी डॉक्टरांना विचारून पुढचा हप्ता बांधून ठेवायची आणि तांदूळ पोचवून परतणारी आमची गाडी तो घेऊन यायची. पहिल्या खेपेला सगळं सुरळीत झालं. त्या वेळी फोन माझ्या चिरंजीवांनी केला होता. दुसऱ्या खेपेला ते गिरणीच्या यंत्राच्या कामासाठी हुबळीला गेले होते, आणि फोन सुलेखाने केला.

सुलेखा बार्शीची. तिला आमच्या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती. मी सांगितलेलं तिने कधी मोडलं नाही, आणि तेच मला तिच्यात सगळ्यात मोलाचं वाटे. एकदा सांगितलं की पुरे. शब्दाला उलट शब्द नाही. ओळखीपाळखीच्या बायका आपापल्या सुनांबद्दल गाऱ्हाणी सांगत तेव्हा मी गप्प बसून ऐके. माझ्याकडे सांगण्यासारखं गाऱ्हाणं नव्हतं.

गोळी बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला जांभया येऊ लागल्या. एकीमागून एक. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. वैशाखाची काहिली, पंखा फिरतोय, आणि माझ्या हातांवर सोललेल्या कोंबडीसारखा काटा.

“थंडी वाजतेय का, आक्कासाहेब?”

“वारा लागला असेल.”

“वारा कुठाय? झाडाचं पान हलत नाही.”

“मग पंख्याचा,” मी म्हणाले.

दुपारी पोट बिघडलं. पाय एका जागी ठरेनात. मांडी घालावी तर सोडाविशी वाटे, सोडावी तर घालाविशी. मी आयुष्यभर पाटावर ताठ बसलेली बाई. माझ्याच पायांनी माझं ऐकू नये, हे मला कोणाला सांगणं शक्य नव्हतं. आणि मग ते दुखणं आलं. इतके दिवस ते जाड घोंगडीखाली झाकलेलं असावं आणि कोणी ती घोंगडी ओढून घ्यावी, तसं. काखेखालून सुरू होऊन बरगडीच्या कडेने पुढे छातीपर्यंत एक आगीची रेघ. पदर नुसता टेकला तरी ती पेटे. मी पदर उजव्या हाताने उचलून धरून बसू लागले आणि कोणी आलं की सोडून देत असे.

सुलेखा तासातासाला उशी घेऊन येई.

“खोका, आक्कासाहेब.”

मी खोकल्यासारखं करी.

“हे खोकणं नव्हे,” ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. आवाज नरमच होता. “हे खाकरणं झालं.”

“फरक काय त्यात?”

“सासऱ्यांनी ओसरीवर खाकरलं की सुना उठतात. कफ उठत नाही.”

तिच्या तोंडून आलेली ही पहिली थट्टा. एरवी मी हसले असते. परंतु हसलं की बरगडी हले, म्हणून मी तिच्याकडे नुसतं रोखून पाहिलं. तिने मान खाली घातली.

“फार दुखतंय का?”

“बरं आहे.”

“सिस्टरना फोन करू? अजून त्यांचा आला नाही.”

“कशाला? दोन दिवसांत तिसऱ्यांदा पोट बिघडलं हे कळवायला? करायचा नाही.”

तिने केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला ताप होता. श्वास वरच्या वर येत होता; जिन्याच्या पहिल्या पायरीवरून कोणीतरी परत फिरावं, तसा आत जाऊन परत येई. सुलेखाने एकदा माझ्या ओठांकडे पाहिलं, एकदा नखांकडे. ती गिरणीत गेली आणि गाडी घेऊन आली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण नको म्हणण्यापुरताही श्वास हाती लागला नाही. तो रस्ता मला आठवत नाही. आठवते ती उशी, आणि प्रत्येक खड्ड्यापूर्वी “आला” असं सांगणारा तिचा आवाज.

इस्पितळात फोटो काढला. डॉक्टर मुजावर त्याच पहाटे परगावाहून परतले होते. फोटो उजेडाला धरून त्यांनी पाहिला आणि तो खाली ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

“डावीकडचा तळ मिटलाय,” ते म्हणाले. “संध्याकाळपर्यंत उघडला नाही तर नळी घालावी लागेल.” मग सुलेखाकडे वळून, अगदी थंड आवाजात, “वहिनी, किती वाढवल्या होत्या?”

“काय?”

“गोळ्या. खरं सांगा, म्हणजे मला पुढचा हिशेब लावता येईल. दिवसाच्या चार केल्या? पाच?”

“आम्ही कुठे वाढवल्या?”

सिस्टर लिसी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. केरळची मुलगी; मराठी पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलायची. “सर, फोनवर यांनीच सांगितले. गोळ्या वाढल्या. सगळ्या वाढल्या. डॉक्टरांना विचारायचे काय त्यात, असेही म्हणाल्या. म्हणून मी लगेच बंद करायला सांगितले.”

“वाढवल्या नाहीत हो,” सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. “वाढल्या.”

“बघा सर. पुन्हा तेच.”

“आपोआप वाढतात का गोळ्या?” डॉक्टरांचा आवाज चढला. “झाडाला लागल्यात का?”

“आपोआपच वाढणार ना! रोज घेतल्यावर वाढणार नाहीत तर काय होईल?”

डॉक्टरांनी सुलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“वहिनी, एक सांगा. तुम्ही फोन केलात तेव्हा डबीत किती गोळ्या होत्या?”

सुलेखाने माझ्याकडे पाहिलं.

“किती?”

“डबी... फोन ठेवला आणि ती धुऊन उन्हात घातली.”

“म्हणजे संपल्या होत्या.”

तिने मान हलवली. तोंडाने ती तेव्हाही म्हणाली नाही. मी समोर होते. आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या औषधाला ‘संपलं’ म्हणायचं, हे तिच्याच्याने होईना.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

“सिस्टर, यांच्या घरात तांदूळ संपत नाही. वाढतो. तेल वाढतं, मीठ वाढतं, बांगडी वाढते. संपणं, फुटणं हे शब्द घरात काढायचे नसतात.”

लिसी पुढे आली. “पण वाढणे म्हणजे जास्त होणे.”

“हो.”

“आणि जेवण वाढणे म्हणजे ताटात घालणे.”

“तेही खरं.”

“आणि संपणे म्हणजे पण वाढणे?” तिने कपाळाला हात लावला. “सर, ही भाषा आहे की काय आहे?”

“आमच्या नानीकडे पिठाचा डबा रिकामा झाला की ‘बरकत झाली’ म्हणायचे,” डॉक्टर म्हणाले. “एकदा पाहुण्यानं ते खरं धरलं आणि आणखी दोन भाकऱ्या मागितल्या. नानीनं स्वतःच्या ताटातल्या दिल्या त्याला.” ते हसले नाहीत. “पाहुण्याचं भागलं. इथं माझं पेशंट उपाशी राहिलं.”

मी हे सगळं ऐकत होते. मला आठवत होता सुलेखाचा आमच्या घरातला पहिला महिना. तिने स्वयंपाकघरातून हाक मारून, चार माणसांसमोर, “तांदूळ संपला” म्हटलं होतं. भाताच्या गिरणीचं घर. धान्य मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणारी आमची माणसं समोर बसलेली. मी तिला आत नेऊन सांगितलं होतं की या घरात काही संपत नाही. आवाज मी चढवला नव्हता. मला तो कधी चढवावा लागत नाही.

नऊ वर्षांत तिने तो शब्द पुन्हा उच्चारला नव्हता.

डॉक्टरांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. “आक्कासाहेब, जांभया, काटा, पोट, पायांची तळमळ, झालं ना हे सगळं?”

मी मान हलवली.

“तुम्हाला वाटलं असेल अफूची हाव सुटली. काकांसारखी.”

मी त्यांना काकांबद्दल कधी सांगून गेले होते कोण जाणे. भुलीच्या अमलात असेल.

“ती हाव नव्हे. शरीराला एका गोष्टीची सवय झाली होती, ती एका दिवसात तोडली. कोणाचंही होतं. माझंही होईल. आता मला एवढंच सांगा, दुखतंय कसं?”

“बरं आहे.”

“बरं आहे याच्यावर माझ्याकडे औषध नाही.”

“थोडं आहे. सोसण्यासारखं.”

“ठणका आहे? चमक मारते? आग होते? दाबल्यावर जास्त, की नुसतं टेकल्यावरही? हे मला कळलं नाही तर मी आंधळ्यासारखी सुई मारणार.”

माझ्या आयुष्यात परपुरुषासमोर मी माझ्या अंगाचं गाऱ्हाणं केलं नव्हतं. साहेबांसमोरही नाही. बाळंतपणात सुईण म्हणाली होती, तुम्ही ओरडत कशा नाही, मला समजणार कसं? मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“आग होते,” सुलेखा म्हणाली.

“सुलेखा.”

“काखेखालून पुढे छातीपर्यंत. बोटभर रुंदीची जागा आहे. पदर टेकला तरी दचकतात. कोणी नसलं की पदर उचलून धरतात आणि मी आले की सोडतात.”

“सुलेखा, पुरे.”

“आंघोळीला डाव्या बाजूला पाणी घेत नाहीत. गार नाही, कोमट नाही. उजव्या कुशीवर झोपतात, तेही चादर न घेता. जखमेवर हात ठेवला तर चालतो, त्याच्या पुढच्या जागेवर फुंकर घातलेली चालत नाही. खोकताना नुसतं खाकरतात. मोठी गोळी चालू होती तेव्हासुद्धा ही आग पुरती जात नव्हती. गोळीने झोप लागायची, म्हणून ती दिसायची नाही.”

“मी पुरे म्हटलं!”

ती माझ्याकडे वळली. “तुम्ही माझ्याशी जन्मभर बोलला नाहीत तरी चालेल, आक्कासाहेब. पण ती नळी मी घालू देणार नाही.”

लिसी उगाच सलाईनच्या बाटलीकडे पाहू लागली. कोणी माझ्याशी असं बोललं आहे आणि त्यावर मी काही केलेलं नाही, हे मला स्वतःलाच नवं होतं. श्वास अपुरा होता म्हणून मी गप्प बसले, असं पुढे मी काही वर्षं मानत आले.

“शाबास,” डॉक्टर हलकेच म्हणाले. माझ्याकडे पाहून नव्हे. “बरगडीच्या खालून शीर जाते. बरगड्या फाकवताना ती दुखावली आहे. शिरेच्या आगीवर अफूचं फारसं चालत नाही. उगाच गोळ्या वाढवत...” ते अडखळले, “म्हणजे जास्त देत बसलो असतो. ती शीर मी पाठीतून सुई घालून बधिर करतो. रात्रीची शिरेची गोळी वेगळी देतो. अफूची गोळी निम्म्यावर सुरू करू आणि तिथून उतरवत नेऊ.”

सुई टोचली तेव्हा मी गजाला धरून बसले होते. थोड्या वेळाने ती रेघ कडेकडेने विझू लागली. उदबत्ती जळत जळत खाली येऊन राखेत बुडावी, तशी. मी पदर टेकवून पाहिला. कापड कापडासारखं लागलं.

“आता वेळ घालवायचा नाही,” डॉक्टर म्हणाले. “संध्याकाळपर्यंत जेवढं बाहेर काढाल तेवढं तुमचं. उरलेलं माझ्या नळीचं.”

सुलेखाने उशी माझ्या कुशीला लावली आणि दोन्ही हातांनी मला उशीसकट आवळून धरलं. एवढ्या जवळ ती कधी आली नव्हती. तिच्या केसांना इस्पितळातल्या फिनेलचा आणि घरच्या खोबरेल तेलाचा वास होता.

“श्वास घ्या. आणखी. आणखी घ्या. आता खोका.”

मी खोकले. काही झालं नाही.

“पोटातून.”

“पोटातूनच...”

“बोलू नका. खोका.”

दुपार अशी गेली. ती म्हणे आणि मी खोके. मध्ये लिसी पाठीवर ओंजळीने थोपटून जाई. अंगातली सगळी ताकद खर्ची पडली तेव्हा कुठे आत, खोलवर, काहीतरी सुटल्यासारखं झालं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच्याने ऐकवेना असा आवाज बाहेर आला. गोठ्यात जनावर अडावं तसा. सुलेखाने भांडं पुढे धरलं. जे पडलं त्याचं वर्णन करण्याची ही जागा नाही. परंतु साहेबांनी दिलेल्या कोणत्याही दागिन्याकडे मी इतक्या समाधानाने पाहिलं नसेल.

“आणखी आहे,” सुलेखा म्हणाली. “खोका.”

संध्याकाळच्या फोटोत तळ उघडू लागलेला दिसला. डॉक्टरांनी नळीची तयारी परत पाठवली आणि जाता जाता लिसीला म्हणाले, “सिस्टर, यांना जेवायला काय हवं ते विचारा. वाढणे, ताटात घालणे या अर्थाने.”

आठवडाभराने आम्ही घरी आलो. गोळी उतरत गेली. निम्मी, मग तीही एक वेळ गाळून. गोळ्या सुलेखाच्या ताब्यात होत्या. तिने ताब्यात घेतल्या आणि मी काही म्हटलं नाही, एवढंच. आग आता क्वचित यायची. शेक आणि ती रात्रीची दुसरी गोळी यांत निभावून जायचं. मी गिरणीत पुन्हा जाऊन बसू लागले होते.

अगदी शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ. मी माजघरात खुर्चीत होते. सुलेखाने अर्धी गोळी आणि पाणी आणलं.

“आज पुरी दे,” मी म्हणाले.

“आज अर्धीच आहे, आक्कासाहेब.”

“मला माहीत आहे काय आहे ते. आज दिवसभर गिरणीत बसले. पुरी दे.”

“नाही.”

तिने तो शब्द इतक्या सरळ उच्चारला की मला तो आधी ऐकूच आला नाही. ती उभी होती. पदर सावरलेला, नजर खाली नाही.

“मी काय म्हणाले ते ऐकलंस?”

“ऐकलं. कुठे दुखतंय ते सांगा. जागा दाखवा. शेक देते, चोळून देते, आत्ता डॉक्टरसाहेबांना फोन लावते आणि ते म्हणाले तर पुरीच काय, दोन देते. पण आधी जागा दाखवा.”

मी रागाने हात उचलला, काखेखाली ठेवला. तिथे नव्हतं. बरगडीच्या कडेने बोट पुढे आणलं. जखमेचा वण लागला, जरासा ताठर, जरासा बधिर. छातीपर्यंत आले. पुन्हा मागे गेले. सुलेखा घाई करत नव्हती. देवघरात वात लावायची राहिली होती, बाहेर गिरण बंद करून माणसं निघाली होती आणि मी माझ्याच अंगावर, अंधारात किल्ली शोधावी तशी, दुखण्याची जागा शोधत होते. मला ती हवी होती. सापडली असती तर बरं झालं असतं, असं मनापासून वाटत होतं. आणि हे वाटणं माझ्या लक्षात आलं तेव्हा माझा हात थांबला.

ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या माणसालाही कधीतरी कोणी असं विचारलं असतं तर, असं मनात आलं. त्यांना विचारण्याची घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. ते थोरले होते.

“कुठेच नाही,” मी म्हणाले.

सुलेखाने मान हलवली. जिंकल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तिने अर्धी गोळी माझ्या तळहातावर ठेवली, पेला हातात दिला आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मी गिळली. ती तरी हलली नाही, म्हणून मी तोंड उघडून दाखवलं.